जन्माचा तक्ता

मँचेस्टरमध्ये दोन बेडरूमचा एक फ्लॅट मला मिळत होता, फक्त एक सही कमी होती. मला इकडे येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे घरं भाड्यानं देणाऱ्या एजंटच्या लेखी मी जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. सरकारी हॉस्पिटलमधली डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी होती, पगाराच्या स्लिपा होत्या, व्हिसा होता. पण उद्या हिनं भाडं थकवलं तर मी भरीन, असं लिहून देणारा माणूस हवा होता, आणि तोही इथे स्वतःचं घर असलेला. त्याला गॅरंटर म्हणतात. सोमवारी दुपारपर्यंत तो मिळाला नाही तर फ्लॅट रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

नवरा आणि मुलगी महिनाअखेरीला नागपूरहून निघणार होते. तिकिटं काढून झाली होती. मुलीच्या शाळेसाठी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करायचा तर पत्ता हवा, आणि माझा पत्ता म्हणजे दुसऱ्याच्या घरातली एक बॉक्सरूम. तिच्यात आधी पलंग मावत होता आणि उरलेल्या जागेत मी. तिघांनी तिथे राहायचं म्हणजे आळीपाळीनं श्वास घ्यावा लागला असता.

ज्याची सही हवी होती त्याला मी दादा म्हणायचे. ओळखीच्या ओळखीतून भेटलेला, मूळचा पुण्याचा, पंधराएक वर्षं इकडे, बँकेत रिस्कच्या कामावर, चाळिशी ओलांडलेला. 'मला अहो-जाहो करू नकोस, म्हातारा झाल्यासारखं वाटतं,' असं त्यानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. माणूस चांगला, हे मी आजही म्हणेन. मी आले तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला आला, पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या घरातला हीटर उचलून दिला. गॅरंटरचं विचारलं तेव्हा फोनवर म्हणाला, 'अगं सही काय, कुठे करायची सांग. शनिवारी ये गेमला, चहा पिऊ, मग निवांत करतो.' अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. माझी अडचण अशी की समोर गाढव नव्हतं, भला माणूस होता. गाढवाचे पाय धरणं त्या मानानं सोपं असतं.

दादाकडे गेमला जमणाऱ्या मंडळींना मी कोण हे माहीत नव्हतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही, आणि कळलं नाही की आपल्या लोकांना चैन पडत नाही. दादाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, पहिल्याच जेवणाला विचारलं होतं, 'नागपूरला कुठे?' मी म्हटलं, स्टेशनच्या बाजूला. स्टेशनच्या बाजूला सगळेच राहतात. एप्रिलमध्ये जयंतीसाठी मी बर्मिंगहॅमच्या बुद्धविहारात गेले, तेव्हा इकडे मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. लाज वगैरे काही नाही, बाप्पा. कंटाळा. एकदा सांगितलं की समोरच्याला तासभर आपण किती पुढारलेले आहोत ते सांगायचं असतं, आणि आपल्याला ते हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायचं असतं.

तर त्या शनिवारी दुपारी मी फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ट्रामनं दादाकडे गेले. मागच्या काचेच्या खोलीत टेबल मांडलेलं होतं. वहिनी होती, आणि मुंबईचा एक डॉक्टर होता, भूल देणारा, माझ्याच वयाचा. मी फॉर्म काढला. 'ठेव इथे, चहा झाला की करतो,' म्हणून दादानं तो लॅपटॉपशेजारी ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

हा गेम म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि एकानं गोष्ट चालवायची. आमच्यात ती दादा चालवायचा, कॉलेजपासून चालवत आलाय. हल्ली लोक आपलं पात्र स्वतः ठरवतात, गुण हवे तसे वाटून घेतात. दादाला ते लाडावलेलं वाटायचं. त्याच्याकडे तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, आणि क्रमानं लिहीत जायचं: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, प्रभाव. अदलाबदल नाही, दुसरी संधी नाही. 'पडेल ते घ्यायचं. जन्म काय आपण निवडून घेतो का?' हे तो दर वेळी म्हणायचा. डॉक्टर मागच्या खेपेला योद्धा व्हायला निघाला आणि एका पायाचा आचारी झाला. सहा महिने तो आचारी म्हणून खेळला. मी तेव्हा मध्येच आले होते, म्हणून मला कुणीतरी सोडून गेलेलं पात्र दिलं होतं. माझं स्वतःचं पात्र तयार होण्याची ही पहिलीच वेळ होती.

या वेळी दादानं युरोपातले किल्ले आणि जंगलं बाद केली होती. 'आपल्या मातीतलं काहीतरी करू या' म्हणत त्यानं एक काल्पनिक दख्खनी राज्य रचलं होतं, खपून. घाट होते, बाजारपेठा होत्या, देवस्थानं होती. आणि गुणांनंतर टाकायचा एक नवा फासा होता, वीस पैलूंचा, जन्माच्या तक्त्यासाठी. तक्ता लॅपटॉपवर होता आणि स्क्रीन त्याच्याकडे होती.

आधी डॉक्टर. त्याचे गुण अगदीच बेताचे पडले, तो हळहळला. मग जन्माचा फासा टाकला आणि आले वीस. राजघराणं, प्रभाव अधिक तीन. डॉक्टर उठून उभा राहिला आणि त्यानं आम्हाला हात दाखवून आशीर्वाद दिला. वहिनीला अकरा पडले: शेतकरी, काटकपणा अधिक एक. 'म्हणजे इथेही मीच राबायचं,' ती म्हणाली. आम्ही हसलो. मी फॉर्मकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता.

मग मी. ताकद नऊ. चपळाई बारा. काटकपणा तेरा. बुद्धीसाठी टाकले आणि तिन्ही फाशांवर सहा आले. अठरा! याच्यावर आकडाच नाही. डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, मी लहान पोरीसारखी हुरळले. प्रभावाचे पंधरा आले. मग वीस पैलूंचा फासा टाकला. तो घरंगळत चहाच्या कपापर्यंत गेला आणि थांबला. दोन.

दादानं स्क्रीन पाहिली, मग मला पाहिलं, मग परत स्क्रीन.

'काय आहे दोनला?' मी विचारलं.

'अगं, एक ते तीन... गावकुसाबाहेरचे,' तो म्हणाला. 'हा रोल आपण इग्नोर करू. परत टाक.'

'री-रोल?' डॉक्टर ओरडला. 'मला कधी दिलास का रे? एक पाय होता मला!'

'अरे तिचा एवढा मस्त एटीन वाया जाईल. फर्स्ट कॅरेक्टर आहे तिचं.' त्यानं फासा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. 'टाक गं. माझ्या घरातला हा पहिला आणि शेवटचा री-रोल.'

फासा माझ्या हातात होता. फक्त हात उलटा करायचा होता. सुतार झाले असते, सराफ झाले असते, काहीही झाले असते. चहा झाला असता, सही झाली असती, आणि संध्याकाळी ट्राममधून मी नवऱ्याला फोन केला असता. त्या क्षणी मला एवढंच करायचं होतं, हेही खरं आहे. पण तो फासा त्यानं ज्या मायेनं माझ्या हातावर ठेवला, ती माया पाहून माझ्या मस्तकात तिडीक गेली. एका पायाच्या माणसाला सहा महिने खेळायला लावणारा हा माणूस, आणि त्यालाही वाटत होतं की हे एवढं एक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

'राहू दे,' मी म्हटलं. 'पडेल ते घ्यायचं. तुझाच रूल आहे.'

'अगं पण ते कॅरेक्टर प्लेएबलच नाहीये. गावात एंट्री नाही, देवळात नाही, विहिरीवर नाही. हे लोक धर्मशाळेत बसून प्लॅन करणार आणि तू बाहेर. बोअर होशील.'

'मग तक्त्यात कशाला घातलंस?'

'रिअ‍ॅलिझमसाठी गं. तेव्हा असायचंच ना ते. बॅकग्राउंडला. प्लेयरवर येईल असं डोक्यातच आलं नाही माझ्या.'

विसातले तीन आकडे. रिस्क मोजणं हा या माणसाच्या पोटापाण्याचा धंदा, आणि हे कुणाच्या तरी वाट्याला येणार हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मी हे बोलले नाही. फॉर्म त्याच्या कोपरापाशी होता.

त्यानं सुस्कारा टाकून माझ्या कागदावर लिहायला घेतलं. बुद्धी वजा दोन. प्रभाव वजा चार. माझे अठरा खोडून त्यानं सोळा लिहिले.

'हे काय?' मी विचारलं.

'मॉडिफायर. जन्माचा असतो ना सगळ्यांना.'

'गावात एंट्री नाही ते समजलं. बुद्धी का कमी?'

'एज्युकेशन नसायचं ना गं त्यांच्यात.'

'शिक्षण वेगळं, बुद्धी वेगळी. फासे मी टाकले, तुझ्यासमोर तीन सहा पडले. पडल्यावर कापायचे?'

'गेम बॅलन्स असतो,' दादा म्हणाला. अजून तो हसत होता, पण आता समजावणीचं हसत होता.

वहिनी उठली. 'अगं खेळ आहे हा, किती सीरियस होतेस. शिरा आणू का गरम?'

इथे थांबायला हवं होतं. शिरा खायला हवा होता. मला माझ्या मुलीचा विचार आला, पण तो मला थांबवणारा नव्हता, उलट आणखी पेटवणारा होता. हिला इथल्या शाळेत घालायचं, इथे वाढवायचं, आणि इथेही कुणीतरी काचेच्या खोलीत बसून हिचे दोन कापून ठेवलेले असणार, शिरा खाता खाता, बिलकुल वाईट हेतू नसताना.

'दादा,' मी म्हटलं, 'तुझ्या तक्त्यातल्या एक ते तीनमधली मी आहे. माझे आजोबा गावकुसाबाहेरच राहायचे. आता आम्ही बुद्धिस्ट आहोत. माझ्या अठरातले कुणी दोन काढलेले नाहीत.'

वहिनी दारात उभी होती ती तशीच राहिली. भीतीच वाटत होती, दुसरं काही नाही. एका वाक्यात मी फ्लॅट घालवला, असं वाटत होतं.

'अगं, आम्ही असलं काही मानत नाही,' दादा म्हणाला.

'नाहीच मानत,' वहिनी म्हणाली. 'मला तर कधी जाणवलंसुद्धा नाही.'

'तू तशी वाटतच नाहीस,' डॉक्टर म्हणाला. त्यानं ते कौतुकानं म्हटलं. मी हे वाक्य शाळेपासून ऐकत आलेय.

दादा लाल झाला होता. एकदम त्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. 'थांब. यू आर राइट. चूक आहे ती, फिक्स करतो.' त्यानं भराभर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वजाच्या जागी अधिक आलं होतं. बुद्धी अधिक दोन, प्रभाव अधिक दोन. 'स्ट्रगल करून वर आलेले असतात, म्हणून. तुझे आता वीस झाले. मॅक्सिममच्या वर! हॅपी?'

तो खूश होता. मनापासून खूश होता. एका हातानं त्यानं फॉर्मवरचं पेनही उचललं होतं. फक्त थँक्स म्हणायचं होतं मी.

'शून्य लिही,' मी म्हटलं.

'काय?'

'अधिक नको, वजा नको. गावात येऊ देऊ नका, विहिरीवर येऊ देऊ नका, ते मी खेळते. ते तसं होतंच. पण माझ्या डोक्यापुढे शून्य लिही. जे फाशावर पडलं ते.'

'अगं, मी तुझ्याच बाजूनं करतोय ना!' त्याचा आवाज चढला. पेन परत टेबलावर गेलं. 'आता काय मी सुधारायचंसुद्धा नाही?'

माझा जन्म त्यानं पाच मिनिटांत पचवला होता. पण त्यानं काही द्यावं आणि मी नको म्हणावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. मला खरी भीती आता वाटायला लागली. मघाशी निदान त्याला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं. आता त्याला माझा राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाकडून सही कशी मागायची?

डॉक्टर कपातल्या तळाच्या चहाकडे बघत बसला. मी म्हटलं, 'सुधार की. शून्य ही सुधारणाच आहे.' आवाज होईल तितका साधा ठेवला.

दादानं बोटं आपटत टाइप केलं. बराच वेळ करत होता. मग लॅपटॉप बाजूला सारला, फॉर्म ओढला आणि वाचायला लागला.

पहिलं पान. दुसरं पान. प्रत्येक कलमाखाली पेनाचं टोक फिरवत. वहिनी शिरा घेऊन आली, चार बशा ठेवल्या, कुणी हात लावला नाही. तिसऱ्या पानावर तो थांबला.

'म्हणजे भाडं थकलं तर ते माझ्यावर. अनकंडिशनली.'

फोनवर हे त्यानं विचारलं नव्हतं. पण फोनवर त्याच्यासमोर कागदही नव्हता. बँकेतला माणूस, सही करण्याआधी वाचणारच. कुणीही वाचेल. मी असते तर मीही वाचलं असतं. मी त्या दिवसापासून हा प्रश्न कित्येकदा उलटापालटा करून पाहिलाय. मी शिरा गरम असतानाच खाल्ला असता, मी सुतार झाले असते, तरी त्यानं हे विचारलं असतं का? मला कळत नाही, आणि कधी कळणार नाही. त्याचं मला वाईट वाटतं, त्याच्याबद्दलही वाटतं, कारण कदाचित त्याच्या मनात काहीही नसेल.

'अनकंडिशनली,' मी म्हटलं. 'पण थकणार नाही.'

'आय नो,' तो म्हणाला, आणि त्यानं सही केली. तीन ठिकाणी, तारखेसकट. फॉर्म माझ्याकडे सरकवला. 'मुलीला आण लवकर. कौन्सिलवाले वेळ लावतात शाळेला.'

मी थँक यू म्हटलं. मनापासून म्हटलं, राग होता आणि तरीही मनापासून म्हटलं, दोन्ही एकाच वेळी होतं. फॉर्म फोल्डरमध्ये, फोल्डर बॅगेत, बॅगेची चेन बंद. डोळ्यांत पाणी आलं ते मी कोट घालण्याच्या निमित्तानं पाठ फिरवून पुसलं. मला निघायचं होतं. बाहेर जाऊन नवऱ्याला सांगायचं होतं की घर मिळालं.

तेवढ्यात मागून डॉक्टरचा आवाज आला. 'अरे, हे काय केलंस?'

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला होता. दादानं रागाच्या भरात एकटी माझीच ओळ बदलली नव्हती, अख्खा रकानाच शून्य करून टाकला होता. एक ते तीन, शून्य. अकरा, शून्य. वीस, शून्य.

'फेअर म्हणजे फेअर,' दादा म्हणाला. 'तिला शून्य, तर सगळ्यांना शून्य.'

'एक मिनिट, एक मिनिट.' डॉक्टर आता चांगलाच गंभीर झाला होता. 'तिचं मायनस काढ, आय टोटली सपोर्ट. काढायलाच पाहिजे. पण माझे प्लस थ्री का काढतोस? माझे बाकीचे आकडे बघितलेस का? ते तीन गेले तर काही उरतच नाही माझ्याकडे. आणि मला ते फाशावर पडलेत यार, मी काय चोरले नाहीत कुणाचे!'

'माझाही एक होता,' वहिनी म्हणाली.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू माझ्याकडे त्यांची काही वस्तू होती. सही बॅगेत होती. त्या घरातल्या कुणाकडूनही मला आता काही नको होतं, आणि इकडे आल्यापासून हे पहिल्यांदा होत होतं. मी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि परत बसले. शिऱ्याची बशी पुढे ओढली. गार झाला होता, पण चांगला होता.

'हं डॉक्टर,' मी म्हटलं, 'तुझे तीन आले कुठून, ते आधी बोलू.'